बाईले सांगा

राजापेठ, अमरावती
सोमवार, ता. ९ नोव्हेंबर १९६४

श्रीमती सत्यवतीबाई यांस,

रविवार, ता. १३ सप्टेंबर १९६४, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. ही वेळ मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहिली आणि दुर्गाबाईंच्या भिंतीवरच्या घड्याळातही पाहिली. दोन्हींत फरक नव्हता. त्या वेळी मी मॉरिशस बेटावर, क्यूरपिप गावात, दुर्गाबाईंच्या दारात गाडी उभी केली, भोंगा वाजवला, आणि माझी सख्खी धाकटी बहीण मला न विचारता निघून गेल्याचं मला परक्या बाईच्या तोंडून कळलं.

हे पत्र कार्बन घालून लिहीत आहे. एक प्रत माझ्याजवळ राहील. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहिते. पुढे कोणी 'असं नव्हतंच' म्हणायला नको.

मी एकतीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला. ज्वालामुखीचं तोंड फळ्यावर खडूनं किती वेळा काढलं याची गणती नाही. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मोर्शीकडची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही सोता पाह्यलं का?" वर्ग हसला. मी तिला बसवलं, पण तिचा प्रश्न बसला नाही. दुर्गाबाई त्या बेटावर मराठी मुलांची संध्याकाळची शाळा चालवतात. एका मासिकात त्यांनी पुस्तकं मागितली होती, तेव्हापासून सात वर्षं मी त्यांना वाचनमाला आणि व्याकरणाची पुस्तकं पाठवत होते. त्यांनी बोलावलं. त्यांच्या यजमानांची मॉरिस गाडी ते गेल्यापासून उभीच होती, ती आम्हाला दिली. गाडी मला येते. मिशनच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर शिकले तेव्हा अर्ध्या अमरावतीनं नावं ठेवली होती, त्यात तुझे सासरेही होते.

तुला बरोबर मी नेलं. तू म्हणाली नव्हतीस, मी म्हणाले. तू विधवा झाल्यापासून नऊ वर्षं अकोल्याला दिराच्या घरी भाकरी थापते आहेस. ठरलं असं होतं की परत आल्यावर तू अमरावतीला माझ्याकडे कायमची राहायला यायचं. उत्तरेकडची खोली मी निघण्याआधीच चुना लावून घेतली होती.

आता तक्रार. बेट फिरून झालं होतं, तो शेवटचा दिवस होता. ज्यासाठी गेलो ते ज्वालामुखीचं मोठं तोंड मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते दुर्गाबाईंच्या घरापासून दीड मैल, वर टेकडीवर. आठनंतर तिथे धुकं उतरतं आणि काही दिसत नाही, हे मी तुला तीनदा सांगितलं होतं. पहाटे मी पेट्रोल भरायला गेले. चाक पंक्चर निघालं, म्हणून सात दहा झाले. तू दारात तयार असायला हवी होतीस. दुर्गाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बहीण वर बाईंकडे जाऊन राहिल्या."

बाई म्हणजे माणिकबाई. दुर्गाबाईंची नणंद, वरच्या वस्तीत राहते. आदल्याच संध्याकाळी तिनं तुला आपल्याकडे राहायला ये म्हणून आग्रह केला होता. म्हणजे तू माझ्याबरोबरचा शेवटचा दिवस टाकून, अकरा दिवस बोटीनं ज्यासाठी आलो ते टाकून, तिच्याकडे मुक्कामाला गेलीस. निरोप ठेवलास तोही एवढाच.

मी टेकडीवर गेले नाही. मी गाडी वळवली आणि दक्षिणेला समुद्रावर गेले. दिवसभर तिथेच होते.

संध्याकाळी तू ओली होऊन आलीस. मी विचारलं, "झाला पाहुणचार?" तू म्हणालीस, "झाला. पोट भरलं." त्यानंतर परतीच्या बोटीवर अकरा दिवस एका केबिनीत तू भिंतीकडे तोंड करून राहिलीस. मुंबईहून गाडीत बसलो. आपलं तिकीट अमरावतीसाठी बडनेऱ्याचं होतं. अकोला आलं, तू ट्रंक उचललीस आणि उतरलीस. हमालानं मला विचारलं, "या बाई तुमच्याच ना?" मी त्याला काय सांगायचं होतं?

मला लेखी खुलासा हवा. ता. ३० नोव्हेंबरपर्यंत.

मनकर्णा


राजापेठ, अमरावती
शुक्रवार, ता. ४ डिसेंबर १९६४

सौजन्य म्हणून चार दिवस जास्त थांबले. तुझं उत्तर नाही. केशवरावांचं कार्ड आलं. तुझ्या दिरांचं अक्षर चांगलं आहे, एवढंच त्या कार्डाबद्दल बरं बोलता येईल. ते लिहितात, "वहिनी म्हणतात की ज्यांनी आम्हाला डोंगरावर टाकून दिलं, आणि आदल्या दिवशी चार बायकांत आमची जीभ धुतली, त्यांना काय लिहायचं."

डोंगरावर कोणी टाकलं? कुठल्या डोंगरावर? तू पाहुणी म्हणून गेलीस, मी समुद्रावर गेले. यात डोंगर आला कुठून? हा आरोप तू दिराकडून लिहून घेतेस याचा मला राग आहे. चौथीपर्यंत शिकली आहेस. तुला क ख ग मीच शिकवला, अंगणात राख पसरून.

जीभ धुतल्याबद्दल लिहिते. पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण ते मला महत्त्वाचं वाटलं नाही. माणिकबाईकडे सात-आठ जणी जमल्या होत्या. तू त्यांना परतवाड्याच्या बाजारातल्या म्हशीची गोष्ट सांगत होतीस. त्या बायकांना तुझं निम्मंच कळत होतं, पण हसत मात्र पुरेपूर होत्या. तू म्हणालीस, "म्हैस इकडून येऊन राहिली, मी तिकडून जाऊन राहिली." मी म्हणाले, "सत्या, राहिली नाही. येत होती, जात होते. ही मुलं-माणसं आपल्याकडून मराठी शिकतात." बस, एवढंच. त्यानंतर कोणी हसलं नाही. तू गोष्ट पुरी केली नाहीस. माणिकबाईनं तुझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू माझ्याकडेच राहायला ये."

मी कॉन्व्हेंटात गेले तेव्हा आठ वर्षांची होते. मदर सेसिलनं पहिल्या आठवड्यात माझ्या 'मले-तुले'साठी मला बाकावर उभं केलं होतं. मी रडले नाही, शिकले. शिकले म्हणून नोकरी लागली, आणि त्या नोकरीवर तुझं लग्न झालं. मी तुला दुरुस्त करते ती द्वेषानं नव्हे.

तुला वाटत असेल की मला त्या प्रवासातलं दुसरं काही आठवत नाही. तर सगळं आठवतं. नकाशा तुझ्या मांडीवर असायचा, बहुतेक वेळा उलटा. तू कधी तो पाहिला नाहीस. वळण आलं की तू म्हणायचीस, "डावीकडं जा, तिकडून फोडणीचा वास येते," आणि गाव तिकडेच निघायचं. घाटात गाडीचं पाणी उकळलं तेव्हा आपलं प्यायचं पाणी तू न विचारता तिच्यात ओतलंस आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणालीस, "पी माय, दमली तू." मी हसले नाही. नंतर, रस्त्यावर नजर ठेवून, हसले.

उसाच्या शेतांतून त्यांनी काळे दगड वेचून मोठमोठे ढीग रचले आहेत. मी गाडी थांबवून तुला समजावलं की हा लाव्हा, पृथ्वीच्या पोटातून आलेला रस थिजून झालेला खडक. तू खाली उतरलीस, एक दगड उचललास, उलटा-पालटा केलास आणि म्हणालीस, "बाई, हे त आपल्या वावरातले दगड हायेत. यांच्यासाठी सात समुद्र कायले वलांडले?" तेव्हा मी तुला गप्प बस म्हणाले. खरं म्हणजे तू बरोबर होतीस. वऱ्हाडचा काळा दगड तोच आहे. मी एकतीस वर्षं तो शिकवला आणि तोच पायाखाली तुडवत शाळेत गेले.

पण बरोबर असणं वेगळं आणि न सांगता निघून जाणं वेगळं. टाकून कोणी कोणाला दिलं, ते लिही. वर्षअखेरपर्यंत थांबेन.

मनकर्णा


परतवाडा
मंगळवार, ता. १२ जानेवारी १९६५

हे पत्र मोटार स्टँडवरून लिहीत आहे. कागद चांगला नाही, तो इथल्या चहावाल्या पंजाबरावांकडून घेतला. कार्बन नाही.

एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीच्या बारशाला आले होते. परत निघाले. स्टँडवर एक बाई ट्रंकेवर बसली होती. साताऱ्याकडची, नवऱ्याची इकडे तहसिलीत बदली झालेली, आठच दिवसांपूर्वी आलेली. तिनं कंडक्टरला अमरावतीची मोटार विचारली. तो म्हणाला, "येऊन राहिली." ती उठली, ट्रंक उचलली आणि रडवेली होऊन मला विचारू लागली, "मोटार आली आणि तिकडेच राहिली म्हणतात हो. आता रात्री इथे मुक्काम कुठे करायचा?"

भोवतालची माणसं हसली. मी त्यांना गप्प केलं आणि तिला शिकवायला लागले, सवयीनं. म्हणाले, "बाई, इकडे 'येऊन राहिली' म्हणजे मुक्कामाला राहिली असं नव्हे. येते आहे, वाटेत आहे. 'जाऊन राहिली' म्हणजे..."

पुढचं वाक्य माझ्यानं पुरं झालं नाही. ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मोटार आली आणि ती बसून गेली. मी बसले नाही.

मी आजच विमानपत्रानं दुर्गाबाईंना लिहीत आहे. तू नेमके कोणते शब्द उच्चारलेस ते विचारते आहे. उत्तर येईपर्यंत मी तुझ्याकडून काही मागत नाही.

म.


राजापेठ, अमरावती
शनिवार, ता. २० फेब्रुवारी १९६५

चि. सत्या हिस,

दुर्गाबाईंचं पत्र काल आलं. त्यातला भाग जसाच्या तसा उतरवते:

"आपल्या भगिनींचे शब्द माझ्या स्मरणात आहेत, कारण त्यांतले काही मला समजले नव्हते. पावणेसात वाजता त्या डबा आणि छत्री घेऊन निघाल्या. मी स्नानाला जात होते. त्या म्हणाल्या, 'बाईले सांगा, मी पुढं वर जाऊन राहिली. गाडी घेऊन ये म्हना.' 'बाईले' हा शब्द मी आपण पाठवलेल्या पुस्तकांत पाहिला नव्हता. बाईंकडे असा काही अर्थ असेल असे वाटले. 'गाडी घेऊन ये' हे कोणाला सांगायचे ते कळले नाही, म्हणून ते मी सांगितले नाही. माझ्याकडून काही चूक झाली का? त्या दिवशी मी लगेच शाळेच्या वार्षिक सभेला गेले, आणि परत आले तेव्हा आपण दोघी बांधाबांध करत होतात. भगिनींनी डबा स्वतः घासायला आणला. सकाळी त्यात आठ दशम्या भरल्या होत्या, त्यांतल्या चार तशाच होत्या. मला वाटले, आमच्याकडची चव त्यांना आवडली नसावी."

मी हे पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दुर्गाबाईंचं मराठी शुद्ध आहे. ते मी पाठवलेल्या व्याकरणातून आलं आहे. त्या व्याकरणात तू नाहीस.

'बाईले' म्हणजे बाईला, मला. तू माझं नाव घेत होतीस. जन्मल्यापासून मला बाई म्हणतेस आणि मला ते एका बेटावर ऐकू आलं नाही. दुसऱ्या कोणी तुझं वाक्य बोललं तर मला ते तुझं म्हणून ओळखता येत नाही. ही चूक दुर्गाबाईंची नव्हे, तुझीही नव्हे. कॉन्व्हेंटचीही म्हणणार नाही, मी बाकावरून उतरूनही पन्नास वर्षं झाली.

तू पुढे का गेलीस ते मला आता कळतं. बेटावर मी रोज तुला म्हणाले की तुझी आंघोळ, तुझा देव, तुझ्यामुळे उशीर. शेवटच्या दिवशी तू माझ्याआधी तयार झालीस आणि मला थांबावं लागू नये म्हणून चालत निघालीस. आठच्या आत पोचावं म्हणून. चढ, दीड मैल, नऊवारी नेसून.

इथपर्यंत लिहिलं असतं आणि सही केली असती तर पत्र चांगलं झालं असतं. चूक शब्दाची होती, दोघींची समान, असं म्हणून सोडवता आलं असतं. पण मी पहिल्या पत्रात लिहिलं आहे की मी दिवसभर दक्षिणेला समुद्रावर होते. ते खोटं आहे. त्याची कार्बन प्रत माझ्यासमोर आहे.

समुद्रावर मी तासभरच थांबले. तिथे किनाऱ्याला प्रवाळाची भिंत नाही. लाटा थेट काळ्या कड्यावर आपटतात. मला तिथे एकटीला बसवेना. मी परत फिरले. सव्वाअकरा वाजता मी त्या टेकडीच्या खालून गेले. पाऊस लागला होता. मधूनच धुकं फाटलं आणि वर, कठड्याजवळ, एक काळी छत्री दिसली. छत्रीखाली जांभळं लुगडं होतं.

मी गाडी हळू केली. मला वाटलं, ती सत्या. लगेच वाटलं, सत्या तर माणिकबाईकडे पाहुणचार घेते आहे, ही दुसरी कोणी असेल. आणि मग वाटलं, असली तरी उभी राहू दे. हे तिन्ही विचार एकामागून एक आले आणि तिसरा विचार आल्यावर मी गिअर बदलला. वर जायला पाच मिनिटं लागली असती. मी गेले नाही.

म्हणजे तू केशवरावांना सांगितलंस ते खरं आहे. मी तुला डोंगरावर टाकून आले. 'झाला पाहुणचार?' असं मी विचारलं तेव्हाही तुझ्या लुगड्याचा रंग मला दिसत होता.

तू तिथे किती वाजेपर्यंत उभी होतीस हे मला ठाऊक नाही. चार दशम्या तू खाल्ल्यास आणि चार माझ्यासाठी ठेवल्यास. बहुधा तीनपर्यंत तरी.

मला माफ कर असं मला लिहिता येत नाही. दोनदा लिहून खोडलं. ते वाक्य माझ्या हातून नीट होत नाही, आणि मला नीट न झालेलं वाक्य टपालात टाकायची सवय नाही. ती सवय लावून घेईन. माझी मापी कर, सत्या. तुझ्याच शब्दात लिहिलं आहे.

आता काही गोष्टी आहेत, त्या तू करायच्या.

पहिली. ज्वालामुखीचं ते तोंड मी पाहिलं नाही. सात समुद्र ओलांडून गेले आणि खालून परत आले. मोर्शीच्या त्या मुलीला सांगण्याजोगं आजही माझ्याकडे काही नाही. तू पाहिलंस. किती खोल होतं, आत झाडं होती का, तळाशी पाणी होतं का, काठ सारखा होता की एका बाजूला खचलेला, दगड काळा होता की लाल, ते सगळं लिहून पाठव. पुस्तकात असेल तसं नको, तू पाहिलंस तसं. 'लोणारसारखं हाये' एवढंच लिहून सुटायचं नाही. लोणार तू पाहिलेलं नाहीस.

दुसरी. उत्तरेकडच्या खोलीला मी पुन्हा चुना लावून घेतला आहे. खिडकीखाली तुझ्या देवांसाठी फळी ठोकून घेतली. सुताराला उंची सांगताना मी माझ्या छातीची सांगितली, मग आठवलं की तू माझ्याहून चार बोटं बुटकी आहेस. ती काढून खाली ठोकायला लावली. तो कुरकुरला.

यायचं की नाही हे तू ठरव. येणार नसशील तर तसं लिही. मी कार्बन घालून भांडणार नाही. येणार असशील तर तीनच शब्द लिही. मी येऊन राहिली. अर्थ काय, हे मी कोणालाही विचारणार नाही. ते वाचून मी बडनेऱ्याला थांबणार नाही. अकोल्याला येईन आणि तुझी ट्रंक केशवरावांच्या दारातून उचलेन.

उत्तर लेखी हवं, तुझ्या हातानं, केशवरावांच्या नव्हे, तुझ्या भाषेत. शनिवार, ता. ६ मार्च १९६५, दुपारच्या टपालापर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. एकही अक्षर दुरुस्त केलं जाणार नाही.

तुझी
बाई